मोर्चाला एनडी, मताला दुसराच : प्रा. एन. डी. पाटील आणि आपण कोल्हापूरकर

बिंदूचौकी (धागाकर्ता)

कोल्हापूर शहरानं १९८५ साली शेतकरी कामगार पक्षाचा आमदार निवडून दिला होता, हे पंचविशीतल्या पोरांना सांगितलं की ती 'काका, तब्येत बरी हाय न्हवं?' अशा नजरेनं बघतात. शेकाप म्हणजे अलिबागचा पक्ष, एवढंच त्यांना ठाऊक. पण खरं आहे ते. प्रा. नारायण ज्ञानदेव पाटील, म्हणजे आपले एन. डी. सर, १९८५ ते १९९० या शहराचे आमदार होते.

सरांवर आपल्याकडे बोलणं होतं ते जयंती-पुण्यतिथीला, आणि तेही 'लढवय्ये', 'तत्त्वनिष्ठ', 'झुंजार' अशा ठरलेल्या शब्दांत. शब्द खोटे नाहीत, पण त्यातनं माणूस हाताला लागत नाही. म्हणून हा धागा.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १५ जुलै १९२९, वाळवा तालुक्यातलं ढवळी, शेतकऱ्याचं घर. पुणे विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम. ए., पुढे एलएल. बी. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात प्राध्यापक आणि तिथल्या 'कमवा आणि शिका'चे प्रमुख. मग इस्लामपूरच्या कॉलेजचे प्राचार्य. १९६० साली विधान परिषदेत गेले. सगळ्या खेपा मिळून तिथं अठरा वर्षं. १९७८ ते ८० शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात सहकारमंत्री. ८५ ला कोल्हापूरचे आमदार. १७ जानेवारी २०२२ ला कोल्हापुरातच गेले, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी.

आता मुद्दा. १९९० नंतर सर कुठल्याच सभागृहात नव्हते. शेवटची बत्तीस वर्षं नावामागं 'माजी'. आणि लोकांच्या तोंडात त्यांचं जे काम आहे ते बहुतेक या 'माजी' काळातलं! रायगडच्या सेझला (विशेष आर्थिक क्षेत्राला) विरोध, सीमाप्रश्न, अंधश्रद्धा निर्मूलन, रयत शिक्षण संस्थेचं चेअरमनपद, आणि आपला टोलविरोधी लढा. टोलची वसुली सुरू झाली तेव्हा सर चौऱ्याऐंशी वर्षांचे होते.

माझं म्हणणं असं की कोल्हापूरनं सरांना मोर्चाच्या पुढं घातलं आणि मतपेटीपाशी गेल्यावर दुसऱ्याकडं बघितलं. यात दोष सरांचा की आपला? बोला. हार घालायचा असेल तर दुसरा धागा काढा.

रंकाळ्याची भेळ

खुर्ची टाकून बसलोय. पेठेतली मंडळी आली की रंग चढणार.

पेठकरी

आलो. दोष कुणाचाच न्हाई मर्दा, गरजेची गोष्ट हाय. आमदार कशाला लागतो माणसाला? नळाला पाणी नाही म्हणून, भावकीच्या भांडणात पोलीस ठाण्याला फोन लावायला, पोराची बदली थांबवायला. असली कामं घेऊन सरांकडं जायला आमची माणसं बिचकायची. शिक्षकासमोर कॉपीची चिठ्ठी काढल्यासारखं वाटायचं.

आणि ९० ला हवाच बदलली. तालमी-मंडळांतली तरणी पोरं धनुष्यबाणाकडं गेली. ९०, ९५, ९९, तिन्ही वेळा शहर शिवसेनेकडं. त्या पोरांना शेकापचा वैचारिक पाया असलेला दाभाडी प्रबंध समजावून सांगणार कोण आणि ऐकणार कोण? लाल बावटा सभेत शोभतो, गल्लीत चालत नाही.

दुसरं, सर अनेक वर्षं पक्षाचे सरचिटणीस होते. पक्ष आटत गेला तो त्यांच्या डोळ्यांदेखत. शहरात पक्षाची दुसरी फळी म्हणून कोण उभं केलं? आंदोलनं मोठी केली, मान्य. पण पक्ष सांभाळणं हेही पुढाऱ्याचंच काम असतं. हे कुणी बोलत नाही, कारण बोललं की 'तुम्ही प्रस्थापितांचे' म्हणून शिक्का बसतो. बसू दे.

वाळवेकर

पेठकरी, शिक्का कुणी मारत नाही. पण पक्ष आटला तो एकट्या एनडींच्या हातून आटला असं लिहिलंत म्हणून चार गोष्टी सांगतो. मी वाळवा तालुक्यातला, वय झालेला माणूस. आमच्याकडं घरटी एक तरी शेकापवाला असायचा.

शेकाप उभा राहिला १९४७ च्या सुमारास, काँग्रेसमधनंच. केशवराव जेधे, शंकरराव मोरे, नाना पाटील, तुमच्या कोल्हापूरचे माधवराव बागल अशी तालेवार माणसं. आणि १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत कोल्हापूरचा खासदारसुद्धा शेकापचा, भाऊसाहेब महागावकर. ७७ ला पुन्हा शेकापचेच दाजीबा देसाई. तेव्हा ८५ चे एनडी म्हणजे आकाशातनं पडलेला चमत्कार नव्हता. या जिल्ह्यात त्या पक्षाची मुळं होती.

मग झालं काय? जेधे, मोरे स्वतःच काँग्रेसमध्ये परतले. यशवंतराव चव्हाणांनी बेरजेचं राजकारण सुरू केलं आणि ती बेरीज बऱ्यापैकी शेकापच्या खात्यातनं झाली. त्यात सहकारी साखर कारखाने आले. कारखाना काढायचा तर सरकारचं भागभांडवल पाहिजे, बँकेला हमी पाहिजे, परवाना पाहिजे. विरोधी पक्षात राहून हे मिळवणं म्हणजे दगडातनं पाणी काढणं. गावातला हुशार, धडपड्या माणूस कारखान्याचा संचालक झाला की दोन वर्षांत टोपी बदलायचा. ऊस घालवायचा कुठं, हा प्रश्न विचारांपेक्षा मोठा असतो. मी त्यांना नावं ठेवत नाही. माझा सख्खा चुलताच गेला.

एनडी १९४८ ला पक्षात आले ते मरेपर्यंत त्याच पक्षात. सभापती, पुन्हा मंत्री, खासदार व्हायला रस्ता बदलायची गरज होती, आणि घरच्या घरी रस्ता दाखवणारा माणूसही होता. यापुढं काय ते ओळखा.

आंबेवाडीची माई

ओळखायचं काय त्यात? सरळ नाव घ्या. शरद पवार सरांचे मेहुणे. सरोजताई पवारांच्या बहीण.

आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून एवढं लिहिलंत, त्यात सरोजताईंचं नाव पहिल्यांदा मला घ्यावं लागतंय! आम्ही त्यांना माई म्हणतो. मोर्चे काढणाऱ्या माणसाचा संसार कोण ओढतो याचा विचार करा जरा. माई शिक्षणाच्या कामात होत्या, आणि नुसत्या 'एनडींच्या मिसेस' म्हणून नव्हत्या. सर गेल्यावर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं (अंनिस) अध्यक्षपद त्यांच्याकडं आलं. सर स्वतः दाभोलकरांच्या बरोबरीनं कितीतरी वर्षं त्या समितीचे अध्यक्ष होते, हेही धाग्यात एका शब्दात उरकलंय. देवाधर्माच्या गावात, अंबाबाईच्या गावात राहून ते पद घेणं म्हणजे पुढच्या निवडणुकीवर पाणी सोडणंच. ज्याला पुन्हा उभं राहायचंय तो माणूस असलं पद घेईल का? तुमच्या 'मताला दुसराच' या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे.

बिंदूचौकी (धागाकर्ता)

माई, बरोबर धरलंत. हा मुद्दा माझ्या लिहिण्यात यायला पाहिजे होता असं नव्हे, तो स्वतंत्र धाग्याचाच आहे. तुम्हीच काढा.

मेहुण्यांचं सांगतो, कारण ते नातं लोक फार उथळपणे घेतात. पवारांचं घर मूळचं शेकापचं. आई शारदाबाई पुणे लोकल बोर्डाच्या सदस्य होत्या, शेकापच्या विचारांच्या. १९६० साली बारामतीची लोकसभेची पोटनिवडणूक लागली, जेधेंच्या निधनामुळं. त्यात शेकापचे उमेदवार पवारांचे थोरले बंधू वसंतराव, आणि धाकटे शरदराव काँग्रेसच्या प्रचारात. घरात भाकरी एका ताटात, बाहेर झेंडे दोन. तेव्हा एनडी आणि पवार समोरासमोर आले यात त्या घराला नवल नव्हतंच.

१९७८ ला पवार मुख्यमंत्री झाले, पुलोद. एनडी त्यांच्या मंत्रिमंडळात सहकारमंत्री. दीड वर्ष जेमतेम. फेब्रुवारी १९८० मध्ये सरकार बरखास्त झालं. पुढं पवार काँग्रेसमध्ये परत गेले, एनडी जागचे हलले नाहीत. रयतमध्ये अध्यक्ष पवार आणि चेअरमन एनडी, १९९० ते २००८. म्हणजे सकाळी साताऱ्यात एका टेबलाला आणि संध्याकाळी पवार ज्या सरकारात आहेत त्याच्याच विरोधात सभा. हे जमायला दोन्हीकडं मोठं मन लागतं. पवारांनाही त्याचं श्रेय दिलं पाहिजे, आवडो न आवडो.

उजळाईवाडी विमानतळ

लहान तोंडी मोठा घास. मी पंचविशीतलाच, 'तब्येत बरी हाय न्हवं' वाला. माझ्या पिढीला सर माहीत आहेत ते टोलमुळं. पण एक प्रामाणिक शंका. एन्रॉनच्या वीज प्रकल्पाला विरोध, सेझला विरोध, टोलला विरोध, वीज दरवाढीला विरोध. या माणसानं उभं काय केलं? आमच्या बॅचमधले निम्मे पुण्यात हिंजवडीला आहेत. कोल्हापुरात काही आलं की आधी कृती समिती तयार. कंपनी विचार करते, कशाला त्या गावात जायचं. याचाही हिशोब झाला पाहिजे.

रंकाळ्याची भेळ

झालं. पोरानं मधमाश्यांत हात घातला.

पेणची लेक

मधमाश्या वगैरे काही नाही, विचारू दे त्याला. भावा, मी माहेरची पेणची, लग्न होऊन आता गेली कित्येक वर्षं इथं फुलेवाडीत. सेझच्या वेळी माझे वडील त्यात होते, म्हणून बोलते.

महामुंबई सेझ, रिलायन्सचं. पेण, उरण, पनवेल या तीन तालुक्यांतली चाळीसच्या वर गावं. आमची खारेपाटातली भातशेती. मीठ-पाण्याशी भांडून, बांध घालून पिढ्यान् पिढ्या पिकवलेली जमीन. वर हेटवणे धरण बांधून झालेलं, कालव्यानं पाणी येणार येणार म्हणून आमचे आजोबा गेले. आणि पाणी यायच्या आधी संपादनाची नोटीस आली! आमच्याकडं पहिला प्रश्न तोच विचारला गेला, की धरणाच्या लाभक्षेत्रातली जमीन तुम्ही कारखान्याला कशी काय देता?

एनडी सर रायगडचे नाहीत, तिथं त्यांना मतं मागायची नव्हती. तरी यायचे. हातात काठी, जाड भिंगाचा चष्मा, आणि भाषण म्हणजे तास-दीड तासाचा वर्गच. आमच्या आगरी बायका एरवी सभेला बसल्या तरी लक्ष घराकडं. पण सर कायद्याचं कलम सांगायला लागले की गप्प. मला आठवतंय ते हे: १८९४ चा भूसंपादन कायदा. त्यात कलम सहाची घोषणा झाली की दोन वर्षांच्या आत निवाडा व्हावा लागतो. नाही झाला तर सगळं संपादन आपोआप रद्द. हे माझ्या सातवी शिकलेल्या वडिलांना पाठ झालं होतं. गावात कुणी दलाल आला की वडील तारीख मोजून दाखवायचे.

म्हणजे काय करायचं? हरकती लिहून द्यायच्या, एकेका सातबाऱ्यावर. सुनावणीला जायचं. मोजणीला आलेल्या माणसाला बांधावरनं परत पाठवायचं. संमतीपत्रावर अंगठा द्यायचा नाही. दिवस ढकलायचे. सप्टेंबर २००८ मध्ये हेटवण्याच्या लाभक्षेत्रातल्या बावीस गावांत सरकारला शेतकऱ्यांचं मत घ्यावं लागलं, मतपेट्या ठेवून. जमीन द्यायची की नाही, असा प्रश्न शेतकऱ्याला मतपेटीतनं विचारला गेल्याचं त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं. आणि २००९ मध्ये ती दोन वर्षांची मुदत संपली. जमीन जागेवर राहिली.

आता 'उभं काय केलं' म्हणशील तर आमचं शेत उभं आहे. ते फोटोत दिसत नाही, कारण तिथं नवीन काही झालंच नाही. हिंजवडीचं मला माहीत नाही.

उजळाईवाडी विमानतळ

ताई, दोन वर्षांच्या मुदतीचं हे मला खरंच माहीत नव्हतं. शंका पूर्ण गेली नाही, पण हे वाचायला पाहिजे.

शिरोली नाका

आता टोल. या विषयावर अर्धं कोल्हापूर स्वतःला पुढारी समजतं, त्यामुळं मी मोर्चातला साधा माणूस म्हणून लिहितो.

तरण्या पोरांसाठी मूळ गोष्ट: शहरातले ४९ किलोमीटर रस्ते 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' या पद्धतीवर खासगी कंपनीला दिले. बदल्यात तीस वर्षं टोल आणि वर टेंबलाईवाडीचा भूखंड. शहरात शिरणाऱ्या रस्त्यांवर नऊ नाके. शिरोली, शिये, उचगाव, सरनोबतवाडी, आर. के. नगर, कळंबा, पुईखडी, फुलेवाडी, शाहू नाका. म्हणजे गावच कोंडवाड्यात. बाहेरनं येणाऱ्यापेक्षा मार जास्त कुणाला बसणार? रोज शहरात येणाऱ्या आसपासच्या खेड्यांना. आमच्या शेजारी शिये गावचा भाजीवाला, त्याचा छोटा हत्ती. पहाटे मार्केट यार्डात माल टाकायचा, परत जायचं, दुपारी पुन्हा वाटप. त्याचा धंदा किती आणि टोल किती. आंदोलनाला खेडी एवढी का उठली ते या गाडीवरनं कळेल.

रस्त्यांची अवस्था आम्ही डोळ्यांनी बघितली. सिमेंटचा रस्ता वर, जुन्या पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाईनी खाली तशाच. लाईन फुटली की नवा रस्ता फोडायचा. फूटपाथ मध्येच सुरू, मध्येच गायब. काही ठिकाणी गटाराची पातळी अशी की पावसाचं पाणी गटारात जाण्याऐवजी दुकानात.

कृती समितीत सगळे पक्ष होते, आणि एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं शेजारी शेजारी बसायची. ती मोट बांधून ठेवली एन. डी. सर आणि गोविंद पानसरे अण्णांनी. दोघांनाही पुढच्या निवडणुकीत काही नको होतं, म्हणून बाकीच्यांना त्यांच्यापुढं बसताना पोटात दुखत नव्हतं. हे मला सगळ्यात मोठं कारण वाटतं. धागाकर्त्याला वाटतंय आपण त्यांना मतं दिली नाहीत हे वाईट झालं. मी उलट म्हणतो. सर आमदार असते तर टोलच्या समितीत निम्मी माणसं आलीच नसती!

दसरा चौकातल्या एका सभेचं सांगतो. आमच्या पुढं गंगावेशीतली एक भाजीवाली मावशी बसलेली, मांडीवर रिकामी पाटी. सर करारातली कलमं सांगत होते. मूल्यांकन, वाहनसंख्या, वसुलीची वर्षं. मला वाटलं हिच्या डोक्यावरनं जातंय. भाषण संपल्यावर ती बाजूच्या बाईला म्हणाली, "म्हंजे मुद्दल फिटलं तरी व्याज चालूच, तीस वर्सं." एका ओळीत करार.

ऑक्टोबर २०१३ ला वसुली सुरू झाली, जानेवारी २०१४ ला नाके पेटले. जाळपोळ समितीनं ठरवलेली नव्हती, पण ते झालं, आणि गुन्हे पोरांवर पडले हेही लिहून ठेवतो. मधल्या काळात एमएच ०९ च्या, म्हणजे कोल्हापूर पासिंगच्या, गाड्यांना सूट देतो असा गोड तोडगा पुढं आला. घेतला असता तर आंदोलन तिथंच दुभंगलं असतं, कारण सांगली-बेळगावच्या गाडीसाठी कोल्हापूरकर कशाला उन्हात बसेल? नाही घेतला. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी अण्णांवर गोळ्या झाडल्या, २० तारखेला अण्णा गेले. त्याआधी ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकर गेले होते. दोन्ही सरांच्या रोजच्या कामातली माणसं. तरी सर पुन्हा मोर्चात आले. त्याच वर्षाच्या अखेरीला टोल रद्द झाला.

हिशेबनीस

भावनेला नमस्कार. पण मी कागदावरचा माणूस, म्हणून विचारतो. टोल रद्द झाला म्हणजे काय झालं? कंपनीनं पैसे सोडले का? नाही. सरकारनं पैसे देऊन तिचा हिशोब मिटवला. ते पैसे कुणाचे? गडचिरोलीच्या शेतकऱ्याचे, जळगावच्या दुकानदाराचे, तुमचे-माझे. कोल्हापूरच्या रस्त्याचं बिल महाराष्ट्रानं भरलं. याला विजय म्हणायचं असेल तर म्हणा, मी 'बिल दुसऱ्या टेबलावर सरकवलं' म्हणेन.

शिरोली नाका

हिशेबनीस, रक्कम कुणी भरली यापेक्षा किती भरली ते बघा की. रस्त्यांचं फेरमूल्यांकन व्हावं हीच तर समितीची मागणी होती, आणि ते झालं कशामुळं? तीस वर्षं नऊ नाक्यांवर गोळा होणारी रक्कम आणि एकदाच मोजून दिलेली रक्कम यातला फरक काढा, मग टेबल मोजू.

हिशेबनीस

फरक आहे, तेवढं मान्य. मी फक्त 'फुकटात सुटलो' या समजुतीवर बोट ठेवलं. आजही गल्लीत तसंच सांगतात.

उसाचा बुडका

शहरवाले टोलवरच अडकलेत. आमच्याकडं, पंचगंगेच्या आणि भोगावतीच्या काठानं, सर माहीत आहेत ते इरिगेशन फेडरेशनमुळं. सहकारी पाणीपुरवठा संस्था हा कोल्हापूरचा मोठा कारभार. नदीवर जॅकवेल, तिथनं पाईप टाकून पाच-सहा किलोमीटरवर माळाला पाणी. सगळा खेळ विजेच्या बिलावर. दर युनिटमागं थोडा जरी वाढला तरी संस्थेच्या सभासदाची एकरी पाणीपट्टी वर जाते, आणि ऊस काही त्या हिशोबानं दर देत नाही.

आणि छोट्या शेतकऱ्याचं वेगळंच. मीटर नाही, बिल पंपाच्या हॉर्सपॉवरवर. विहिरीवर तीनचा पंप, बिलात पाचचा. विचारायला गेलं की 'अर्ज करा'. अर्ज केला की 'पाहणी होईल'. सर यावर बोलायचे तेव्हा शेतकऱ्यांना सांगायचे की बिल घेऊन या. मग मोर्चात माणसं झेंड्याऐवजी बिलं घेऊन. माझ्या थोरल्या भावानं पाटीवर चिकटवून आणलं होतं, कारण कागद वाऱ्यानं उडत होता.

या कामाची बातमी टीव्हीवर येत नाही. दर कमी झाला नाही तर किमान वाढ थांबली, पुढं ढकलली, सवलत चालू राहिली, असल्या गोष्टी. पण उसाच्या पट्ट्यात सरांच्या मागं माणूस का जायचा ते हे.

पेठकरी

बुडके, हे चांगलं लिहिलंस. तरी माझा प्रश्न तसाच आहे. मोर्चाला गेलेला हा शेतकरी मत कुणाला देत होता?

उसाचा बुडका

ज्याच्या कारखान्याला ऊस जातो त्याला. लपवायचं काय त्यात? तोड वेळेवर नाही आली तर फडातच वाळतो ऊस. मोर्चाला सर, तोडीला चेअरमन. दोन्ही आमचेच.

वाळवेकर

हे उत्तर मी चाळीस वर्षं ऐकतोय आणि मला त्याचा राग येत नाही. वाईट मात्र वाटतं. एनडींनी सहकारखातं सांभाळलं ते दीड वर्ष. तेवढ्यात असल्या घट्ट वीण असलेल्या कारभाराला हात कुठं लागतो? त्यांना पाच वर्षं मिळाली असती तर काय झालं असतं, हे मला बघायचं होतं. पेठकरी म्हणतात तसं पक्ष सांभाळण्यात ते कमी पडले असतील. पण त्यांच्याहून कितीतरी जास्त आमदार निवडून आणणाऱ्यांचे पक्ष आज कुठं आहेत, कुणाच्या नावावर आहेत, तेही बघा.

आणि नुसतं आंदोलक म्हणून त्यांची आठवण काढणं मला पटत नाही. अठरा वर्षं परिषदेत आणि पाच वर्षं विधानसभेत हा माणूस तयारी करून बोलायचा. सीमाप्रश्नाच्या तज्ज्ञ समितीचं काम त्यांच्याकडं आलं ते काही घोषणा चांगल्या देतात म्हणून नव्हे. सभागृहातली भाषणं छापील कार्यवाहीत आहेत. विधानभवनाच्या ग्रंथालयात बसून कुणी तरी ती वाचली पाहिजेत. आपण मोर्चाचे फोटोच फिरवत बसतो.

आंबेवाडीची माई

वाचायला मी तयार आहे. मुंबईला जायचं कुणाबरोबर ते सांगा.

उजळाईवाडी विमानतळ

माई, मी महिन्यातनं एकदा कामासाठी जातो मुंबईला. तारीख कळवतो. आत प्रवेशाला काय लागतं ते बघून ठेवतो.

बिंदूचौकी (धागाकर्ता)

बघा, विरोध करणाऱ्यालाच कामाला लावलं. शिरोली नाकाचा मुद्दा माझ्या डोक्यात बसलाय, की निवडणुकीतनं बाहेर पडले म्हणूनच सगळ्यांचे झाले. तो मुद्दा पटतो, पण पुरता नाही. मग ज्याला लोकांचं काम करायचंय त्यानं निवडणूक लढवूच नये असं होईल, आणि ते मला मान्य नाही. ८५ ला याच शहरानं त्यांना निवडून दिलं होतं, त्याच राज्यात काँग्रेसच्या १६१ जागा आल्या असताना. तेव्हा काय जुळलं होतं? त्या प्रचारात असलेलं कुणी आहे का इथं? पत्रकं, सभेचे फोटो, काही असेल तर टाका.

पेठकरी

आमचे थोरले काका होते. पक्षाचे नव्हते, पेंटर होते. पेठेतल्या भिंती रंगवायचं काम त्यांच्याकडं, फ्लेक्स कुठलं तेव्हा. काव आणि चुना. पैसे किती मिळाले विचारलं तर हसतात नुसते. एक पत्रक माळ्यावरच्या पेटीत आहे म्हणत होते. रविवारी पेटी काढतो. उंदरांनी ठेवलं असेल तर इथं टाकतो.

रंकाळ्याची भेळ

उंदीर कुठल्या पक्षाचे ते पण सांगा.